चेक घरात, बँक लांब: मुंबईत घरबसल्या चेक भरायचा तर कुठला मार्ग परवडतो?

माझी आई ७४ वर्षांची आहे. मुलुंड पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर राहते, इमारतीला लिफ्ट नाही. महिन्याला तिच्या नावे दोन चेक येतात, क्वचित तीन. एक बाबांनी घेऊन ठेवलेल्या छोट्या गाळ्याच्या भाड्याचा, दुसरा एका ट्रस्टकडून मिळणाऱ्या मानधनाचा. पावसाळ्यात जिना ओला असला की हे चेक देवघराच्या खणात पंधरा-पंधरा दिवस पडून राहायचे. न्यू जर्सीतला माझा भाचा मोबाइलवर चेकचा फोटो काढतो आणि पैसे खात्यात जमा होतात, हे तिनं व्हिडिओ कॉलवर पाहिलं आणि मला विचारलं, "आपल्याकडे का नाही गं होत असं?" या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता मी सगळे पर्याय एकेक करून वापरून पाहिले. तुमच्या घरीही असा खण असेल, तर निवड करायला हे उपयोगी पडावं.

आधी आईच्या प्रश्नाचं उत्तर. अमेरिकेत 'चेक २१' नावाचा कायदा २८ ऑक्टोबर २००४ पासून लागू झाला आणि कागदी चेकऐवजी त्याच्या प्रतिमेवरून पैसे देण्याघेण्याची वाट मोकळी झाली. पुढे ग्राहकानं स्वतःच्या फोननं काढलेला फोटोही तिथल्या बँका घेऊ लागल्या. प्रतिमेवर चेक वटवण्याची पद्धत आपल्याकडेही आहे. तिला सीटीएस म्हणतात. दिल्लीत ती २००८ मध्ये सुरू झाली, चेन्नईत २०११ मध्ये आणि मुंबईत एप्रिल २०१३ मध्ये. आज गिरगावातल्या शाखेत भरलेला चेक कागदाच्या रूपात दुसऱ्या बँकेत जात नाही, त्याची प्रतिमा जाते. फरक इतकाच की ही प्रतिमा बँकेनं काढायची असते आणि मूळ कागद बँकेनं १० वर्षं जपून ठेवायचा असतो.

एखादा चेक खिडकीशी उजेडात धरून पाहा. कागदाच्या आत 'सीटीएस इंडिया' असा जलचिन्हाचा शिक्का दिसेल. झेरॉक्स काढली तर एरवी न दिसणारा 'व्हॉइड' हा शब्द उमटतो. बँकेचं बोधचिन्ह अशा शाईत छापलेलं असतं की ते फक्त अतिनील दिव्याखाली चमकतं. बँकेचा स्कॅनर पुढच्या बाजूच्या दोन आणि मागच्या बाजूची एक अशा तीन प्रतिमा घेतो. या खुणा फोनच्या कॅमेऱ्याला तपासता येत नाहीत. म्हणून साध्या बचत खात्यावर 'फोटो काढा, पैसे मिळवा' ही सोय आपल्याकडे सहसा मिळत नाही. दिवसाला ढिगानं चेक येणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या कार्यालयात काही बँका स्कॅनर बसवून देतात, पण घरगुती खात्याला तो मार्ग लागू नाही.

इथे एक कळकळीची विनंती. "चेकचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवा, आम्ही जमा करून देतो" असं कुणी म्हणालं तर फोन ठेवून द्या. एका फोटोत खाते क्रमांक, शाखेचा कोड आणि सही, तिन्ही गोष्टी समोरच्याच्या हातात जातात.

आता खर्चाकडे वळण्याआधी वेळेचं बघू, कारण ते गणित अलीकडे बदललं आहे. ४ ऑक्टोबर २०२५ पासून बँकांनी दिवसाच्या ठरलेल्या वेळात आलेले चेक साठवून न ठेवता लगेच स्कॅन करून पुढे पाठवायचे असतात, आणि समोरच्या बँकेनं त्याच दिवशी संध्याकाळी ७ पर्यंत होय-नाही कळवायचं असतं. पूर्वी चेक वटायला दोन दिवस धरावे लागत. आता वेळ जातो तो खणापासून बँकेपर्यंतच्या टप्प्यात. त्यामुळे पर्यायांची तुलना याच एका टप्प्यावर करायची: पैसे किती लागतात, चेक हरवण्याची भीती किती, आणि हातात पोच मिळते का.

दुसऱ्याच्या हाती पाठवणं

हा सगळ्यात स्वस्त मार्ग आहे आणि लोक तोच विसरतात. चेक भरायला खातेदारानं स्वतः जावं लागत नाही. चेकवर दोन तिरप्या रेघा मारून 'अकाउंट पेयी' लिहिलेलं असेल, तर ते पैसे ज्याच्या नावाचा चेक आहे त्याच्याच खात्यात जातात. शेजारच्या काकूंनी, भाच्यानं, मुलीनं, कुणीही तो भरावा. शिवाय स्वतःचीच शाखा गाठायची गरज नाही, त्या बँकेच्या कुठल्याही शाखेत चालतो. आईचं खातं मुलुंडला आहे. मी तिचा चेक फोर्टला ऑफिसजवळच्या शाखेत जेवणाच्या सुट्टीत भरते. जादा खर्च शून्य.

फक्त भरायचा तो काउंटरवर, म्हणजे स्लिपच्या अर्ध्या भागावर शिक्का मिळतो. "पेटीत टाका" असं सांगून तुम्हाला परत पाठवलं तर ठामपणे नाही म्हणा. ग्राहकानं काउंटरवर चेक दिला तर पोच नाकारता येणार नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे आणि तशी सूचना ड्रॉपबॉक्सवरच लिहिलेली असायला हवी.

ड्रॉपबॉक्स की मशीन?

ड्रॉपबॉक्सबद्दल माझं मत अनुभवातून झालेलं आहे. दोन वर्षांपूर्वी भाड्याचा चेक मी एका बँकेच्या पेटीत संध्याकाळी टाकला. नऊ दिवस पैसे आले नाहीत. शाखेत विचारलं तर "आमच्याकडे आलाच नाही". माझ्याकडे पोच नव्हती, चेकचा फोटोही नव्हता. भाडेकरूनं बिचाऱ्यानं बँकेला सांगून तो चेक थांबवला, थांबवण्याचं शुल्क भरलं आणि नवा दिला. चेक वटवण्याच्या प्रक्रियेत हरवला तर दुसरा चेक मिळवण्याचा खर्च आणि उशिराचं व्याज बँकेनं द्यायचं असतं, पण आपण तो बँकेकडे दिला होता हे दाखवायला हातात काही तरी लागतंच. तेव्हापासून पाच हजारांवरचा चेक मी पेटीत टाकत नाही.

चेक घेणारं मशीन असेल तर प्रश्नच नाही. ते चेक आत ओढतं, वाचतं आणि चेकची छोटी प्रतिमा छापलेली पावती देतं. पुष्कळ ठिकाणी रात्रीही चालू असतं. ऑफिसातून आठ-नऊला घरी परतणाऱ्यांसाठी याहून चांगलं काही नाही. आपल्या वाटेवरच्या शाखेत मशीन आहे का, एवढं एकदा बघून ठेवा.

घरी येऊन चेक नेणारी सेवा

रिझर्व्ह बँकेनं नोव्हेंबर २०१७ मध्येच बँकांना सांगितलं होतं की ७० वर्षांवरच्या आणि अपंग ग्राहकांना चेक व रोख घरून नेण्यासारख्या मूलभूत सेवा द्या. सप्टेंबर २०२० पासून १२ सरकारी बँकांनी मिळून घरपोच सेवा चालवली आहे. अॅपवर, वेबसाइटवर किंवा टोल फ्री नंबरवर नोंदणी करायची, प्रतिनिधी येतो, चेक घेतो, पोच देतो. साधारण दर एका सेवेला ७५ रुपये अधिक जीएसटी, म्हणजे ८८ रुपये ५० पैसे.

हा आकडा ऐकून आई म्हणाली, "एवढ्यात तर रिक्षानं जाऊन येईन." हिशेब केला. रिक्षाचं किमान भाडं २६ रुपये, जाऊन-येऊन ५२. वरून फरक साडेछत्तीस रुपयांचा. पण त्या साडेछत्तीस रुपयांत तीन मजले उतरणं, चढणं, बँकेतली रांग आणि पावसातला रस्ता वाचतो. गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी हे महाग नाही असं मी तिला पटवलं. तरुण, धडधाकट माणसानं मात्र दरमहा हे पैसे घालवू नयेत.

काही गोष्टी नोंदणी करतानाच विचाराव्यात: ज्येष्ठांना दरात सूट आहे का, आपला पत्ता शाखेच्या सेवाक्षेत्रात येतो का, दोन-तीन चेक एकाच फेरीत नेतील का. मोबाइल नंबर खात्याला जोडलेला हवा. आलेल्या माणसाचा कोड नोंदणीच्या कोडशी जुळवल्याशिवाय दार उघडून चेक देऊ नये, आणि कोरा किंवा नुसती सही केलेला चेक तर मुळीच देऊ नये. ही सेवा सरकारी बँकांची आहे. आपल्याकडे पुष्कळ ज्येष्ठांची खाती सहकारी बँकांत असतात, त्यांनी स्वतःच्या शाखेत वेगळी चौकशी करावी.

टपालानं

स्पीड पोस्टचा शहरातल्या शहरात ५० ग्रॅमपर्यंतचा दर १९ रुपये अधिक जीएसटी आहे. स्वस्त आहे, पाकीट कुठे पोचलं तेही कळतं. पण शाखेत पाकीट कोण उघडणार, कधी उघडणार हे आपल्या हातात नाही, आणि शिक्का मारलेली स्लिप परत येत नाही. शाखा मुंबईबाहेर असेल आणि दुसरा इलाजच नसेल तरच मी हे करीन.

चेकच न घेणं

आईच्या बाबतीत खरा फरक यानं पडला. भाडेकरूला खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड दिला, तो आता दर महिन्याच्या पाच तारखेला एनईएफटी करतो. बचत खात्यावरून ऑनलाइन एनईएफटीला जानेवारी २०२० पासून शुल्क नाही, आणि डिसेंबर २०१९ पासून ती चोवीस तास, सुट्टीच्या दिवशीही चालते. आईला काही शिकावं लागलं नाही, पैसे पाठवणाऱ्यानं फक्त सवय बदलली. कंपन्यांचा लाभांश अजून कागदावर येत असेल तर तोही खात्यात थेट वळवून घ्या.

सगळे चेक मात्र बंद होत नाहीत. ट्रस्ट, सोसायट्या, मंडळं यांच्या चेकवर दोघांच्या सह्या लागतात, त्यांना चेकच सोयीचा वाटतो. आणि पैसे देणारा भरवशाचा नसेल तर पुढच्या तारखांचे चेक हातात असलेले बरे. न वटलेल्या चेकवर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या १३८ कलमाखाली कारवाई करता येते, त्यासाठी बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस जावी लागते. अशा चेकसाठी काउंटर किंवा मशीनच वापरा, म्हणजे तारखेचा पुरावा राहतो.

चेक कुठल्याही मार्गानं गेला तरी तीन सवयी आम्ही लावून घेतल्या आहेत. चेक आला की त्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायची, कारण तो तारखेपासून तीनच महिने चालतो. दोन्ही बाजूंचा फोटो काढून स्वतःच्याच फोनमध्ये ठेवायचा. आणि रकमेत किंवा नावात खाडाखोड असेल तर तिथल्या तिथे परत करून नवा मागायचा, कारण तो पुढे वटत नाही.

सध्या आमचं असं चालतं: भाडं थेट खात्यात येतं. ट्रस्टचा चेक मी रविवारी आईकडे गेले की घेऊन येते आणि सोमवारी फोर्टला भरते. मी गावाला गेलेली असले आणि चेक मोठा असला, तर आई स्वतः फोन करून घरपोच सेवा बोलावते. यंदाच्या जुलैत तिनं ती एकदाच बोलावली. पोच तिनं देवघराच्या त्याच खणात ठेवली आहे.