माईंच्या शेवटच्या आजारपणात या केंद्राने दिलेली साथ

आमच्या समोरच्या घरातल्या माई गेल्या महिन्यात गेल्या. वय ८९. तीन मुलगे, सुना, नातवंडं, आणि आमच्यासारखे शेजारी धरले तर अख्खा मजला त्यांच्या शब्दावर चालायचा. माझी आई नोकरीला मुंबईला जायची तेव्हा शाळेतून आल्यावर मी माईंकडेच जेवायचे, त्यामुळे शेजारी वगैरे म्हणायला मला जड जातं. थंडीत त्या पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं पण पुन्हा धड उभ्या राहिल्याच नाहीत. त्या दिवसांत ठाण्याच्या नौपाड्यातल्या ह्या रुग्णसाहित्य केंद्रातून बेड, हवेची गादी, व्हीलचेअर, कमोड खुर्ची असं सगळं आणलं, धावपळ बरीचशी माझ्याकडे होती म्हणून मीच लिहितेय.

पहिला फोन केला तेव्हा पलीकडच्या काकांनी भाड्याचं बोलायच्या आधी विचारलं, पेशंटचं वजन किती, पाठीला जखम झालीय का, लिफ्ट केवढी, बाथरूमचं दार किती इंच. ज्याला नुसतं सामान खपवायचंय तो हे विचारत नाही. आम्ही मोटरचा बेड मागत होतो, ते म्हणाले कशाला, दोन हँडलवाला घ्या, डोक्याकडची आणि पायाकडची बाजू वेगवेगळी वर होते, लाईट गेली तरी अडत नाही. व्हीलचेअर २५ इंचाच्या आसपास रुंद असते, जुन्या बिल्डिंगमध्ये बाथरूमच्या दारातून जात नाही, म्हणून कमोड खुर्ची वेगळी घ्या हेही त्यांनीच सांगितलं आणि त्या दारातून व्हीलचेअर खरंच गेली नसती.

बेड कुठे लावायचा यावर घरात चर्चा झाली. माईंच्या मुलाचं, दादांचं म्हणणं आतल्या खोलीत, शांत असतं. माई म्हणाल्या, "आत नको रे, तिथून दार दिसत नाही. कोण आलं, कोण गेलं मला कळायला नको?" मग सोफा माझ्या घरी आला आणि साडेसहा फुटाचा बेड हॉलमध्ये दारासमोर लागला.

हवेच्या गादीबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण नवीन लोकांना हे कोणी सांगत नाही. तिच्यात पट्टे असतात, पंप आलटून पालटून त्यात हवा भरतो-सोडतो, म्हणून एकाच जागी दाब राहत नाही. ती नेहमीच्या गादीवर टाकायची, पंप कायम चालू ठेवायचा, वर एकच पातळ चादर घालायची आणि तीही ताणून खोचायची नाही. गोधडी वगैरे घातली की गादीचा उपयोग संपला. आणि गादी आहे म्हणून कूस बदलणं सोडायचं नाही, दर २ तासांनी बदलायचीच. सामान लावायला आलेल्या मुलाने हे माईंच्या सुनेला, वहिनींना स्वतः करून दाखवलं, खांद्याखाली आणि कमरेखाली हात कसा घालायचा, टाचेखाली उशी कशी ठेवायची. माईंना शेवटपर्यंत बेडसोअर, म्हणजे पडून राहून होणारी जखम, झाला नाही, ह्याचं निम्मं श्रेय वहिनींचं आणि निम्मं त्या मुलाचं.

गुढीपाडव्याला मात्र व्हीलचेअरने कमाल केली. कोपिनेश्वर मंदिरातून निघणारी स्वागतयात्रा माईंनी कधी चुकवली नव्हती, जशी गडकरी रंगायतन १९७८ ला उघडल्यापासून नाटकं चुकवली नाहीत तशीच. डॉक्टरांना विचारून आम्ही त्यांना नऊवारी नेसवून राम मारुती रोडच्या कोपऱ्यापर्यंत नेलं. ढोल जवळ आले तसे त्यांनी दोन्ही हात जोडले, आणि मग लेझीम खेळणाऱ्या एका पोरीला जवळ बोलावून तिचा सुटलेला गजरा नीट खोचून दिला.

उन्हाळ्यात मसाल्याचं तर विचारू नका. बिल्डिंगमधल्या चार घरांचा गोडा मसाला दरवर्षी माईंच्या देखरेखीखाली व्हायचा. ह्या वर्षी बेड डोक्याकडून उंच केला, आम्ही स्वयंपाकघरात भाजत होतो आणि हॉलमधून आवाज, "दगडफूल काढा आता, करपेल!" बघितलं तर खरंच कडा काळ्या व्हायला लागल्या होत्या. वासावरून. धने, खोबरं, तीळ, नागकेशर, एकेक ताटली त्यांच्यापुढे न्यायची, चिमटीत धरून चुरायच्या, मान हलली की पुढचं. तो मसाला अजून माझ्या डब्यात आहे आणि ह्या चवीचा आम्हाला एकट्यांना जमेल असं मला वाटत नाही.

तक्रारी आहेत त्या पण लिहिते. पहिल्या बेडचं पायाकडचं हँडल इतकं घट्ट होतं की वहिनींना फिरवताच यायचं नाही, बदलून द्यायला चार दिवस लावले, ते चार दिवस खूप त्रास झाला. दुपारी केंद्र बंद असतं आणि तेव्हा फोन कोणी उचलत नाही. आजारी माणसाच्या घरी दुपार-संध्याकाळ असं काही नसतं, निदान एक नंबर तरी चालू ठेवायला हवा.

माई गेल्या त्या घरीच, पहाटे, सगळे जवळ होते. सामान परत करायला दादांना जाववेना, त्यांनी रिकामा बेड बघूनच मान फिरवली. मी फोन केला तर काकांनी एवढंच म्हटलं, "दिवसकार्य होऊ द्या, घाई नाही, त्या दिवसांचं भाडं नको." तेरावं झाल्यावर माणसं आली, चपला बाहेर काढून आत आली, माईंच्या फोटोला नमस्कार केला आणि मगच बेडचे स्क्रू सोडायला घेतले. डिपॉझिट पूर्ण परत मिळालं. दादांनी त्यातून एक नवीन हवेची गादी केंद्राला घेऊन दिली.

कोणाला गरज पडली तर इथेच जा. जाताना ओळखपत्र, डॉक्टरांची चिठ्ठी आणि दारांची मापं घेऊन जा, सकाळी लवकर जा, आणि बेड घेताना दोन्ही हँडल तिथेच स्वतः फिरवून बघा.