अलास्काची तेलाची पाइपलाइन: पुरलेली बरी की खांबांवरची?
अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावर प्रुडो बे इथे १९६८ साली तेल सापडलं, पण ते दक्षिणेला वाल्डीझ बंदरापर्यंत न्यायचं तर मधे जवळपास १२८७ किमी अंतर आणि बऱ्याच ठिकाणी जमीन बारमाही गोठलेली, म्हणजे पर्माफ्रॉस्ट. सोपा मार्ग म्हणजे चर खणा, पाइप टाका, माती लोटा. स्वस्त पडतं, जनावरांनाही आडकाठी नाही. गोची अशी की तेल जमिनीतून गरमागरम येतं, त्यामुळे पर्माफ्रॉस्टमध्ये बर्फ जास्त असेल तर भोवतीच्या मातीचा चिखल होणार आणि पाइप खचून वाकणार. खडक किंवा कोरडी खडी असेल तिथे मात्र पुरणंच बरं, निम्म्याहून थोडी कमी लाइन तशीच आहे.

उरलेली, साधारण ६७५ किमी, खांबांवर. खरी गंमत इथेच! बऱ्याच खांबांत अमोनियाच्या बंद नळ्या आहेत, हिवाळ्यात खालच्या उष्णतेने त्याची वाफ होते, ती वर ॲल्युमिनियमच्या पात्यांपाशी गार होऊन परत खाली ओघळते, म्हणजे जमीन गोठलेलीच राहते आणि वीज-बिज काही लागत नाही. शिवाय लाइन मुद्दाम नागमोडी, तापून लांबी वाढली तरी आडवी सरकते. डेनाली फॉल्टवर, म्हणजे भूकंप होतात त्या जमिनीतल्या भेगेवर तर ती लांब तुळयांवर सरकती ठेवलेली, म्हणून २००२ च्या ७.९ च्या भूकंपातही तेल सांडलं नाही.

मला खांबवालीच आवडते, पण उघड्यावर असण्याचा तोटाही आहेच, २००१ मध्ये एकाने रायफलची गोळी घालून तिला चक्क भोक पाडलं होतं.