पुन्हा पुन्हा येणारी रांजणवाडी: पापणीच्या कर्करोगाची तपासणी आणि शस्त्रक्रिया कितपत भरवशाची?

रांजणवाडी दोनदा काढूनही त्याच जागी परत आली, तिथले पापणीचे केस झडले, किंवा एकाच डोळ्याची लाली महिनोन्‌महिने हटेना, तर सीबेशिअस कार्सिनोमाची शंका घ्यायलाच हवी. हा तेलग्रंथींचा कर्करोग एरवी दुर्मीळ. पण भारतात पापणीच्या कर्करोगांमध्ये त्याचा वाटा पाश्चात्त्य देशांपेक्षा बराच मोठा आहे. वरच्या पापणीत या ग्रंथी जास्त, म्हणून तो तिथे अधिक आढळतो.

या सगळ्या उपचारात पैशांचं सर्वाधिक चीज होतं ते बायोप्सीत. जागेवरच भूल देऊन तुकडा काढतात आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. मात्र तुकडा पापणीच्या पूर्ण जाडीचा हवा. वरवरच्या तुकड्यात खोलवरची गाठ हुकते. रांजणवाडी खरवडून निघालेला ऐवज फेकून देणं ही तर अक्षम्य चूक. तो 10% फॉर्मॅलिनमध्ये घालून पॅथॉलॉजीकडे गेलाच पाहिजे, आणि सोबतच्या कागदावर ‘सीबेशिअस कार्सिनोमाची शंका’ असं स्पष्ट लिहायला हवं. नेहमीच्या प्रक्रियेत पेशींमधली चरबी विरघळून जाते आणि निदान दुसऱ्याच कर्करोगाकडे झुकू शकतं. शंका आधी कळली तर अॅडिपोफिलिनची (पेशीतल्या चरबीच्या थेंबांभोवतीच्या प्रथिनाची) चाचणी साध्या मेणाच्या ब्लॉकवरही, म्हणजे मेणात बसवलेल्या तुकड्यावरही, करता येते.

शस्त्रक्रियेबद्दल आमचं मत थोडं सावध आहे. साधारण 5 मिलिमीटर निरोगी कड घेऊन गाठ काढतात आणि रुग्ण टेबलावर असतानाच फ्रोझन सेक्शनने (तुकडा गोठवून, लगेच काप काढून) कडा तपासतात. सोय मोठी, पण हा रोग पृष्ठभागाच्या थरात सुट्ट्या पेशींनी, मध्ये जागा सोडत पसरतो, आणि फ्रोझनमध्ये अशा पेशी निसटतात. म्हणून डोळ्याच्या आतल्या अस्तराचे ठिकठिकाणचे छोटे तुकडे (मॅप बायोप्सी) घेणारं आणि मेणाच्या ब्लॉकचा अहवाल आल्यावरच पापणी नव्याने बांधणारं केंद्र आम्ही निवडू. काही दिवस जखम झाकून ठेवावी लागते, ते परवडतं.

पापणीचा पाव भाग गेला तर सरळ टाके बसतात. वरची जवळजवळ सगळी गेली तर कटलर-बिअर्ड पद्धत वापरतात, म्हणजे खालच्या पापणीचा भाग वर ओढून जोडतात. त्यात डोळा सहा ते आठ आठवडे बंद राहतो. दुसरा डोळा अधू असेल तर हे आधीच बोलून घ्या.

मायटोमायसिन या कर्करोगाच्या औषधाचे 0.04% थेंब अस्तरात पसरलेल्या पेशींसाठी उपयोगी, गाठीसाठी नाहीत. डोळा चांगलाच चुरचुरतो.

पाठपुरावा हाच कच्चा दुवा. किमान पाच वर्षं, सुरुवातीला दर तीन ते सहा महिन्यांनी, पापणी उलटून पाहायला हवी आणि कानापुढच्या, जबड्याखालच्या लसिकाग्रंथी चाचपायला हव्यात. घरात आतड्याचा कर्करोग असेल तर म्यूर-टोरे सिंड्रोमची (तेलग्रंथींच्या गाठी आणि आतड्यासारखे कर्करोग एकत्र आढळणाऱ्या आनुवंशिक विकाराची) चौकशी करा. ब्लॉक आणि स्लाइड मात्र मागून घ्या. परळच्या टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी बाहेरच्या स्लाइड पुन्हा वाचून मिळतात.