अ‍ॅडास (चालकाला मदत करणारी गाडीतली यंत्रणा) भारी, पण बंद झालं हे सांगणार कोण?

सहा महिने झाले गाडी घेऊन, कंपनीचं नाव नाही घेत. एक्सप्रेसवेवर क्रूझ मस्त, पुढच्या गाडीशी अंतर बरोबर ठेवतं, पण घाटात पट्टे पुसट झाले की लेन असिस्ट (गाडी लेनमध्ये ठेवणारं) गुपचूप बंद, आवाज नाही काही नाही, फक्त हिरवा आयकॉन पांढरा होतो आणि तो बघायला रस्त्यावरची नजर काढायची! मशीनला जमेना की ऐनवेळी माणसाच्या गळ्यात. २००९ ला एअर फ्रान्स ४४७ या विमानाचं असंच झालं, पिटो ट्यूब (विमानाचा वेग मोजणाऱ्या नळ्या) बर्फाने चोंदल्या, ऑटोपायलट सुटला, पायलट गोंधळले, २२८ जण गेले. तिथे निदान अलार्म तरी वाजला होता, इथे बाजूला बसलेले बाबा ओरडले म्हणून कळलं. क्रूझला ४ स्टार, डिस्प्लेला १.