अल्कोहोलमधून हायड्रोजन, मिश्रधातूत साठवण : प्रात्यक्षिक संच वापरल्यानंतरचा अभिप्राय

कोल्हापुरातील आमच्या महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागाने पदव्युत्तर वर्गासाठी हा संच घेतला. चंबूत रेनी निकेल या उत्प्रेरकासह आयसोप्रोपिल अल्कोहोल उकळायचे आणि सुटणारा हायड्रोजन कंडेन्सर व कोल्ड ट्रॅपमधून (बाष्प थंड करून अडवणाऱ्या भागांतून) नेऊन, लॅन्थनम-निकेल मिश्रधातूची २५० ग्रॅम पूड भरलेल्या नळकांड्यात साठवायचा, अशी त्याची रचना आहे. चंबूत मागे ॲसिटोन तयार होते.

अल्कोहोलची निवड विचारपूर्वक केलेली दिसते. साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात ‘मग आपले इथेनॉल का नको?’ असे विद्यार्थी विचारणारच. इथेनॉलपासून ॲसिटाल्डिहाइड बनते, निकेलवर त्याचे विघटन होऊन कार्बन मोनॉक्साइड सुटू शकतो आणि तो मिश्रधातूच्या पृष्ठभागाला चिकटून हायड्रोजनची वाट अडवतो. ॲसिटोनच्या बाबतीत हा त्रास फारसा नाही.

खरी तक्रार माहितीपुस्तिकेबद्दल आहे. नळकांडे ‘सामान्य तापमानाला’ भरावे, एवढेच त्यात म्हटले आहे. चंबूतून येणारा वायू साधारण १ बार, म्हणजे जवळपास हवेच्या दाबाइतक्याच, दाबाचा असतो; पण एप्रिलमध्ये प्रयोगशाळेचा पारा ३५ अंशांच्या पुढे गेला, की ही मिश्रधातू हायड्रोजन धरून ठेवण्यासाठी अडीच बारपेक्षाही जास्त दाब मागते. त्यामुळे वायू येत राहतो आणि नळकांडे ढिम्म! तेच बर्फाच्या पाण्यात बुडवले, की अर्ध्या-पाऊण बारच्या आसपास शोषण सुरू होते. शोषताना उष्णता बाहेर पडत असल्याने बर्फ भराभर वितळतो आणि सारखा घालावा लागतो. पुरवठादाराकडे विचारणा केली, तेव्हा ‘एसी लावा’ असे उत्तर मिळाले.

वायू बाहेर काढणे मात्र सुखाचे आहे. नळकांडे ५० अंशांच्या पाण्यात ठेवताच दाब ४ बारच्या वर जातो आणि हायड्रोजनपासून वीज बनवणारा छोटा फ्युएल सेल पंखा फिरवू लागतो. वजनाच्या सुमारे १.४ टक्के ही क्षमता धरली, तर साठा जेमतेम साडेतीन ग्रॅमचा, म्हणजे चाळीसेक लिटर वायूचा होतो. त्यासाठी किमान १०५ ग्रॅम अल्कोहोल खर्ची पडते. गाडीच्या टाकीसाठी ही मिश्रधातू जड का ठरते, हे या आकड्यांवरून वर्गाला लगेच उमगते.

रेनी निकेल कोरडे पडल्यास हवेत आपोआप पेट घेते, ही सूचना पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत आहे. ती बाटलीवरच हवी होती. दाबमापक २५ बारपर्यंतचा दिल्याने १ बारच्या आसपासचे वाचन अंदाजानेच करावे लागते. संच घेणार असाल, तर ६ बारचा दाबमापक आधीच बदलून मागावा.