बारा ट्यूबांची जलरंग पेटी: हिरव्या दोन सोडल्या तर कामाची

५ मिलीच्या बारा ट्यूबांची विद्यार्थी पेटी घेऊन गोव्यातले माड-आंबे रंगवता येतात का? येतात, फक्त सॅप ग्रीन आणि व्हिरिडियनची टोपणं उघडू नका.

सॅप ग्रीन हे एकच रंगद्रव्य नव्हे, दोन-तीन मिसळून ते बनवलेलं असतं. त्यात आणखी काही घातलं की लगेच चिखल होतो. स्वस्त पेटीतलं व्हिरिडियन बहुधा थॅलो ग्रीनच निघतं. ट्यूबवर पीजी ७ (थॅलो ग्रीनचा रंगद्रव्य-क्रमांक) छापलंय का बघा. हा रंग थेंबभर सांडला तरी अख्खं पॅलेट बळकावतो, आणि त्यातून काढलेलं आंब्याचं झाड प्लास्टिकचं दिसतं.

पेटीची किंमत वसूल करतात ते लेमन यलो, निळा अल्ट्रामरीन आणि तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना. मागून ऊन आलेलं माडाचं चुडत हवं तर यलो तीन भाग, अल्ट्रामरीन जेमतेम एक. तेच चुडत वरून उजळलं असेल तर ते फारसं हिरवं नसतंच. तकतकीत पानात आभाळ उतरतं, म्हणून तिथे अगदी पातळ अल्ट्रामरीन किंवा सरळ कोरा कागद. ऊन म्हणजे पिवळं असं धरून सगळं झाड पिवळं करणारे इथेच फसतात. आंब्याच्या घेरात अल्ट्रामरीन दुप्पट करा, वर सिएना. सावलीचा भाग एकाच ओल्या वॉशमध्ये (पाणीदार रंगाच्या थरात) उरका, पानं मोजत बसू नका. लाल मातीवरून उसळलेला उजेड खोडाच्या बुंध्याला लागतो, तेव्हा सावलीतही तिथे सिएना हवाच. नुसत्या करड्याने खोड वठल्यासारखं दिसतं. फांद्यांमधली आभाळाची भोकं आभाळापेक्षा किंचित गडद ठेवा, नाहीतर झाडाला दिवे टांगलेत असं वाटतं.

पांढरी ट्यूब? कवडशांना लावली की खडूसारखी पांढुरकी दिसते. कवडसे कागदाचेच राखावेत.

पेटीसोबत येणारं पातळ कागदाचं पॅड मात्र टाकाऊच. पहिल्या वॉशलाच त्याचे पापड होतात. ३०० जीएसएमचा कॉटन कागद वेगळा घ्या आणि चारही कडा टेपने फळीवर चिकटवा. एप्रिलात वॉश जोडायच्या आत सुकतो आणि कडा उमटतात, तेव्हा कागद आधी दोन्ही बाजूंनी भिजवून घ्यावा. जुलैत उलटंच: वरून सुकलेला दिसणारा कागद आतून ओला असतो. हाताची मागची बाजू टेकवून बघा; गार लागला तर थांबा. घाईने दुसरा वॉश चढवला की फुलकोबीसारखे डाग फुटतात. उरलेले ताव सिलिका जेलची पुडी घालून झिपच्या पिशवीत ठेवावेत. पावसाळ्यात उघडे राहिलेल्या तावांचं साइझिंग (रंग लगेच आत शोषला जाऊ नये म्हणून कागदाला दिलेली खळ) जागोजागी मरतं, आणि तिथे रंग टिपकागदावर पडल्यासारखा शोषला जातो.