नान्नजचा ‘गॅरंटी’ माळढोक

सोलापूर-तुळजापूर-अक्कलकोट करायला आलेल्या सहा जणांना व्हॉट्सॲपवर पॅकेज आलं: सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्यात जीप सफारी, माणशी अडीच हजार, निम्मे आगाऊ, ‘माळढोक गॅरंटी, नाही दिसला तर अर्धे पैसे परत’. माळढोक म्हणजे गवताळ माळावरचा मोठा, दुर्मिळ पक्षी. त्यांना तो ‘दाखवला’सुद्धा. पण दिसला तो कांडेसर करकोचा होता.

माळढोकाची गॅरंटी कुणालाच देता येत नाही. देशात आता मोकळ्या रानात दीडशेच्या आसपास माळढोक उरलेत, तेही बहुतेक जैसलमेरच्या बाजूला. नान्नजचं अभयारण्य १९७९ मध्ये जाहीर झालं तेव्हा क्षेत्र होतं ८,४९६ चौरस किलोमीटर. पुढे ते छाटून १,२२२ च्या घरात आणलं. एवढ्या पसाऱ्यात खरं गवताळ रान तुकड्यातुकड्यांनी आहे, मध्ये ज्वारी, तूर, ऊस, गावं, विजेच्या तारा. आज इथे एक माळढोक दिसला तरी पेपरात बातमी येते. हे जीपवाल्यालाही ठाऊक असतं.

मग तो दाखवतो काय? बहुधा कांडेसर. निवड हुशारीची आहे, कारण कांडेसरालाही पांढरी मान आणि डोक्यावर काळी टोपी असते. गाडी मुद्दाम दहा-साडेदहानंतर माळावर नेतात. तोवर मुरूम तापलेला असतो, हवा थरथरते आणि तीन-चारशे मीटरवरचा कुठलाही मोठा पक्षी उंच, लांबुळका दिसतो. दुर्बीण हातात देताना ‘लवकर बघा, उडेल’ म्हणायचं, झालं काम. आधी रंग बघा. कांडेसराचं अंग काळं, तकतकीत आणि पाय लाल. माळढोकाची पाठ मातकट तपकिरी, पाय फिकट पिवळसर, चोच आखूड. उडाल्यावर पंख पसरून वर वर घिरट्या घालू लागला तर करकोचा समजा. माळढोक जड पंख मारत सरळ निघून जातो. आणि पक्षी झाडावर बसला असेल तर विषयच संपला. माळढोकाला मागचं बोट नसतं, त्यामुळे त्याला फांदी धरता येत नाही. लांडोरही याच कामी येते, पण तिच्या डोक्यावर तुरा असतो.

फोटोची गंमत वेगळी. संध्याकाळी ग्रुपवर माळढोकाचा झकास फोटो येतो, ‘आजच्याच ट्रिपचा’. पक्ष्याकडे नंतर बघा, आधी मागचं रान बघा. वाळू आणि खेजडीची झाडं असतील तर फोटो राजस्थानचा. मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागा. साधा फोटो पाठवला की व्हॉट्सॲप त्यातली तारीख-कॅमेऱ्याची माहिती गाळून टाकतं. फाइल द्यायला टाळाटाळ झाली तर काय ते समजून घ्या.

सगळ्यात महागात पडते ती परवानगी. अडीच हजारांत ‘फॉरेस्टची पावती’ धरलेली असते, पण हातात पडतो तो छापील कागद किंवा मोबाइलवरचा फोटो. खऱ्या परवानगीवर तुमचं नाव, तारीख आणि गाडीचा नंबर तपासा आणि वनखात्याच्या नान्नज कार्यालयात ती दाखवून मगच पुढे जा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे परवानगीशिवाय अभयारण्यात शिरणं गुन्हा आहे आणि गाडीत बसलेला पर्यटकही त्यात येतो. ‘आतल्या रस्त्याने’ म्हणून गाडी गवतात घातली तर तिथेच उतरा. माळढोक उघड्या जमिनीवर एकच अंडं घालतो. टिटवी, चंडोल, धाविक यांचीही घरटी जमिनीवरच.

‘गॅरंटी’चे अर्धे पैसे परत मागायला गेलात की दुसरा डाव सुरू होतो. ‘क्यूआर पाठवलाय, स्कॅन करून पिन टाका, रक्कम जमा होईल.’ पैसे यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात.

खरं तर सोलापूरहून नान्नज बार्शी रस्त्याने वीस-बावीस किलोमीटर, येऊनजाऊन पन्नाससुद्धा भरत नाही. स्वतःची किंवा भाड्याची गाडी घ्या, उजाडायच्या आत पोचा, नऊला परत फिरा. काळवीट दिसायची शक्यता चांगली, खोकड आणि लांडगा नशिबाचा भाग, हिवाळ्यात गवतावरून तरंगणारे भोवत्या हे शिकारी पक्षी. आमच्या मते माळढोकासाठी नान्नजला जाऊच नये, लांडग्यासाठी जावं.

पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० वर फोन करा आणि सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा. यूपीआयचा बारा आकडी व्यवहार क्रमांक, चॅटचे स्क्रीनशॉट, ज्या खात्यात पैसे गेले त्याचं नाव, गाडीचा नंबर हे सगळं जवळ ठेवा. बनावट पावतीची तक्रार वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनवर वेगळी करा. चॅट डिलीट करू नका, आणि समोरच्याने ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ करायच्या आत ते एक्स्पोर्ट करून ठेवा.